गोल्फऐवजी अंगणाची झाडलोट

आजारपणामुळे रोजचे जगणे किती अडते, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. ते रुग्णालाच विचारावे लागते. अमेरिकेत तयार झालेली ‘एसएफ-३६’ ही ३६ प्रश्नांची प्रश्नावली त्यासाठी जगभर वापरली जाते. तिच्या जपानी आवृत्तीची पडताळणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली.

मध्यम श्रमाची उदाहरणे म्हणून मूळ प्रश्नात टेबल सरकवणे, गोल्फ खेळणे अशी कामे होती. गोल्फ कधीच न खेळलेला धडधाकट माणूसही येथे अडखळेल आणि कागदोपत्री दुर्बल ठरेल. म्हणून जपानी आवृत्तीत घर-अंगणाची सफाई आणि एक-दोन तासांचा फेरफटका आला. मैलाच्या जागी किलोमीटर आला.

शब्द जुळले, तरी काम संपले नाही. अमेरिकेत उत्तरांची विभागणी शारीरिक आणि मानसिक अशा दोन घटकांत होते. जपानमध्ये ती नीट बसली नाही. त्यामुळे कामातील आणि समाजातील भूमिकेचा तिसरा घटक संशोधकांनी स्वतंत्रपणे मांडला.

अशा गुणांवरून उपचारांची परिणामकारकता जोखली जाते. प्रश्नच परका असेल, तर रुग्णाचे दुखणे आकड्यांत उतरतच नाही.