पायाखालची जमीन : लेखांक ७
दगडावर बूच

ग्वाल्हेरला गोरखी राजवाड्याच्या मागच्या गल्लीत माझ्या मावशीचं घर आहे. जानेवारीत तिथे पहाटे उठायचं म्हणजे डोळे उघडायच्या आधी पायाने पलंगाखालच्या चपला चाचपायच्या. चुकून तळवा थेट फरशीला लागला तर गारठा गुडघ्यापर्यंत चढतो. मावशी आता शहात्तर वर्षांची आहे. मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिला दोन गोष्टी बजावल्या : अनवाणी फिरू नका आणि पडू नका. पहिली तिने ऐकली नाही, दुसरी तिच्या हातात नव्हती. न्हाणीतून खोलीत येताना ओला पाय घसरला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी तिचा फोन आला. “अरे, तू त्या जमिनींवर लिहितोस ना? मग आधी माझ्या जमिनीचं बघ की काहीतरी.”

म्हणून मोझॅकचा लेख एक आठवडा पुढे ढकलतो. आज कॉर्क, म्हणजे आपलं बूच.

ग्वाल्हेरकरांना दगड नवा नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, तळाचं लष्कर झालं, लष्कराचं शहर. गोरखीचा राजवाडा त्या सुरुवातीच्या दिवसांतला. भोवती सरदारांचे वाडे उठले; इथल्या जिभेवर त्यांचे ‘बाडे’ झाले. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी, तसा इथे वालुकाश्म. किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे तिच्या माथ्याचा खडकही वालुकाश्माचाच. जुन्या घरांत भिंती दगडाच्या, जमीन दगडाची, छतसुद्धा दगडाच्या पटियांचं. आणि या दगडावर काहीतरी अंथरायचं ही रीतही तितकीच जुनी : गरिबाची सतरंजी, मधल्याचं जाजम. जयविलास महालातल्या दरबार हॉलचा प्रचंड गालिचा तर ग्वाल्हेरच्या तुरुंगातल्या कैद्यांनी बारा वर्षं खपून विणला, असं तिथे सांगतात.

दगड गार का लागतो? तो खोलीपेक्षा थंड असतो म्हणून नव्हे. रात्रभर एकाच खोलीत असलेली फरशी आणि तिच्यावरची सतरंजी यांचं तापमान जवळपास सारखंच असतं. फरक वेगाचा आहे. दगड तळव्यातली ऊब भराभर ओढून खाली नेतो. बुचाच्या जमिनीची ही ओढ दगडाच्या मानाने वीस-तीस पटींनी कमी. पाय टेकल्यावर क्षणभरात बूच तळव्याच्या उबेला येतं आणि तिथेच थांबतं.

याचं कारण बुचाच्या पोटात आहे. १६६५ साली रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाची पातळ कापटी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा त्याला मधाच्या पोळ्यासारखे बंद कप्पे दिसले. जीवशास्त्रातला ‘सेल’, म्हणजे आपली पेशी, हा शब्द तिथून आला. एका घन सेंटिमीटरमध्ये असे काही कोटी कप्पे मावतात आणि ते बहुतांशी हवेने भरलेले असतात. भिंतींत सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ असतो, त्यामुळे पाणी सहज आत शिरत नाही. शिवाय बूच वरून दाबलं तर रबरासारखं बाजूला फुगत नाही. औषधाच्या जुन्या बाटलीत बूच ढकलताना हे हाताला कळायचं. म्हणूनच त्या जमिनीवर पाऊल किंचित दबतं आणि उचललं की ती परत जागेवर येते.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण मावशीचाही तो होता. आपल्याकडे ज्याला बुचाचं झाड म्हणतात, ते उंच, हेमंतात रात्री लांब दांड्यांची पांढरी फुलं ढाळणारं, हिंदीतलं आकाशनीम, त्याचा या जमिनीशी संबंध नाही. त्याची साल मऊ आणि भेगाळ असते, हलक्या बुचांसाठी ती वापरायचे, एवढंच. खरं बूच भूमध्य समुद्राकाठच्या एका ओकच्या सालीचं. जगातलं निम्म्याच्या आसपास बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं. झाड पंचवीस वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा साल काढतात आणि मग दर नऊ वर्षांनी. झाड तोडत नाहीत. साल काढली की खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवून ठेवतात, म्हणजे पुढची खेप कधी ते कळतं. पहिल्या दोन खेपांची साल खडबडीत, बाटलीच्या बुचाला निरुपयोगी. ती आणि बाटल्यांची बुचं कापून उरलेला चुरा दळून, चिकटद्रव्य घालून, उष्णता आणि दाब देऊन जमिनीच्या लाद्या होतात. हा माल मुळात उरल्यासुरल्याचा आहे. बुचाचा भुसा आणि जवसाचं तेल एकत्र करून १८६०च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टनने लिनोलियम आणलं. जुन्या कचेऱ्यांत आणि इस्पितळांत ते तपकिरी-हिरवं लिनोलियम ज्यांनी पाहिलं असेल, त्यांचे पाय बुचावरून आधीच चालून गेलेत.

आता माझी फजिती. तीन वर्षांपूर्वी लष्करातल्या माझ्या घरी, तळमजल्यावरच्या लिहायच्या खोलीत, मी बूच घातलं होतं. दुकानदाराने एकमेकांत अडकणाऱ्या पट्ट्या दाखवल्या. वर बुचाचा थर, मध्ये दाबलेल्या लाकडी भुशाची पाटी, खाली पुन्हा बूच. मी ओलीचं विचारलं. तो म्हणाला, “कुछ नहीं होगा, भाईसाब.” मे महिन्यात घातलेली जमीन भाद्रपदात सांध्यांवर उचलली गेली. पट्टी उपटून पाहिली तर मधली पाटी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी फुगलेली आणि खाली काळी बुरशी. बुचाचा काही दोष नव्हता. जुन्या घरांच्या तळमजल्याची फरशी थेट माती-चुन्यावर बसवलेली असते, ओल अडवणारा थर नसतो. एरवी ती ओल दगडाच्या सांध्यांतून हवेत निघून जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मी तिची वाट बंद केली होती.

तेव्हा मावशीच्या घरी मी आधी एक साधं काम केलं. जाड प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा फरशीवर ठेवला, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद केल्या आणि दुसऱ्या दिवशी काढला. किमान सोळा तास ठेवावा लागतो. तळमजल्यावर प्लास्टिकच्या आत दव जमलं होतं आणि दगडावर गडद चौकोन उमटला होता. वरच्या खोलीत जमीन कोरडी ठक्क. मावशीला म्हटलं, तुझा पलंग वर न्यायचा. ती म्हणाली, “आणि देव?” देव खालीच राहिले.

देवघरात मी ओल नसतानाही बूच घालणार नाही. समईचं तेल सांडतं, उदबत्तीची ठिणगी पडते, हळदीचा डाग बसतो. बूच भडकून पेटत नाही, पण वरचं वॉर्निश करपतं. रांगोळीची दगडी पूड त्याच वॉर्निशला कानशीसारखी घासते.

वरच्या खोलीसाठी आम्ही सरसाने चिकटवायच्या लाद्या निवडल्या, पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या. त्यांत लाकडी भुशाची पाटी नसते, त्यामुळे फुगण्याची आणि वाळवीची भीती कमी. मात्र त्या पातळ असल्याने खालचा प्रत्येक उंचसखलपणा वर उमटतो. पटियांवरचा चुन्याचा कोबा जिथे भुसभुशीत होता तिथे मिस्त्रीने खरवडून काढला आणि वर सपाटीचा लेप ओतला. दोन मीटरची सरळ पट्टी ठेवून खाली फट दिसते का ते फिरून फिरून पाहिलं. या पाहण्यात एक दिवस गेला आणि मिस्त्री वैतागला, पण पुढचं सगळं काम त्यावर अवलंबून होतं.

ग्वाल्हेरच्या बाजारात हा माल सहसा तयार मिळत नाही, दिल्लीहून मागवावा लागतो. नमुना हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. लादीचा कोपरा अंगठ्याने चोळा, दाणे सुटले तर परत करा. हलकी वाकवा, चांगली लादी लगेच तडकत नाही. कड नीट बघा : बूच आरपार आहे की वर कागदाएवढा पापुद्रा? पापुद्रा असेल तर दहा वर्षांनी घासून नवं वॉर्निश देता येणार नाही. बुचाचं नुसतं चित्र छापलेलं प्लास्टिकही याच नावाने विकतात. नाकाला झोंबणारा वास आला तर चिकटद्रव्य हलकं आहे असं धरा. एकाच घाण्यातला एक खोका जास्त घ्या, कारण पुढच्या वेळी तीच छटा मिळत नाही. आणि खोके आले की त्याच दिवशी बसवायला घेऊ नका. दोन-तीन दिवस त्याच खोलीत उघडे ठेवा. अडकवायच्या पट्ट्या घेणार असाल तर भिंतीलगत सेंटिमीटरभर मोकळी जागा हवीच. पावसाळ्यात फुगायला आणि लू सुटल्यावर आकसायला त्यांना वाव लागतो.

शेजारच्या आजोबांनी आशेने विचारलं, नातीचा रियाज आता खाली ऐकू येणार नाही ना? ग्वाल्हेर घराण्याचं शहर आहे, प्रश्न रास्त होता. पण नाही. पावलांचा, पडलेल्या भांड्याचा, ओढलेल्या पाटाचा आवाज बूच बराच खातं. हवेतून जाणारी तान ते अडवत नाही.

देखभालीत आमच्या लोकांची सगळ्यात मोठी सवय आड येते, ती म्हणजे बादलीभर पाणी आणि फिनाईलचा पोछा. बुचावर पाणी ओतायचं नाही. रोज मऊ झाडू, आठवड्यातून एकदा घट्ट पिळलेलं फडकं, सौम्य साबणाचे दोन थेंब. ॲसिड नको, वाफेचा पोछा नको. सांडलेलं लगेच टिपायचं. उन्हाळ्यात आंधी आली की खोलीभर बारीक रेती बसते, ती आधी झाडून काढायची, पुसायचं नंतर. नाहीतर फडकंच पॉलिशपेपर होतं. लोखंडी कपाटाच्या पायांखाली लाकडी पट्ट्या द्यायच्या, खुर्च्यांना नमद्याचे तुकडे चिकटवायचे. पायपुसणं रबराच्या तळाचं नको, त्याचा पिवळा डाग निघत नाही. पश्चिमेच्या खिडकीला पडदा हवा, कारण उन्हाने बुचाचा रंग उडतो. मावशीच्या खोलीत खिडकीजवळ एका उन्हाळ्यात फिकट चौकोन पडला, कारण तिला पडदा आवडत नाही. मी वाद घातला नाही.

पडल्यावर लागत नाही, असं कोणी विक्रेता सांगेल. सहा मिलिमीटरचं बूच म्हणजे गादी नव्हे. ओल्या गुळगुळीत दगडापेक्षा बिनचमकीचं वॉर्निश दिलेल्या बुचावर पाय कमी घसरतो, हे मात्र खरं. न्हाणीच्या दाराशी मी तरीही हाताला धरायला दांडा लावून घेतला.

सगळ्या घरात बूच घालावं का? मी घालणार नाही. मे-जूनमध्ये पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा दुपारी उघड्या दगडावर पाठ टेकण्यासारखं सुख ग्वाल्हेरात दुसरं नाही, आणि ते बूच हिरावून घेतं. वरची एखादी झोपायची खोली, म्हाताऱ्या माणसाची किंवा रांगत्या मुलाची, एवढ्यापुरतंच ते ठीक. मावशी उन्हाळ्यात दुपारी खाली देवांपाशी दगडावर झोपते आणि हिवाळ्यात वर बुचावर अनवाणी फिरते.

तुमच्या मनात असेल तर खर्चाचा अंदाज काढण्याआधी प्लास्टिकचा तुकडा लावा, आणि तो श्रावण-भाद्रपदात लावा. मे महिन्यात माझीही फरशी कोरडीच होती.