भिंतीचा स्वभाव आणि रंगाची निवड

नागपुरात घराला रंग देण्याचे दोन हंगाम रूढ आहेत: एक दसरा-दिवाळीच्या आधीचा, आणि दुसरा उन्हाळ्यातील वास्तुशांतीच्या मुहूर्तांचा. परंतु ज्या भिंतीवर रंग चढवावयाचा, तिच्या दृष्टीने पाहिले तर हे दोन्ही हंगाम प्रतिकूल आहेत. पहिल्यात तिने चार महिन्यांच्या पावसाचे पाणी अजून पुरते सोडलेले नसते, आणि दुसऱ्यात ती वैशाखाच्या उन्हाने इतकी तापलेली असते की दुपारी तिच्यावर तळहात ठेववत नाही. दिवाळी उलटल्यापासून माघ संपेपर्यंतचा कोरडा, सौम्य काळ हाच या कामाला सर्वांत योग्य; पण त्या काळात रंगाऱ्याला बोलावणारी घरे फारशी दिसत नाहीत.

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज असा, की रंगाचे टिकाऊपण डब्यात असते, आणि म्हणून अधिक किमतीचा डबा आणला की घरधन्याचे कर्तव्य संपले. वस्तुतः रंग म्हणजे एकटा डबा नव्हे. पृष्ठभागाची सफाई, त्यावरील अस्तर म्हणजे प्रायमर, खाचखळगे भरणारी पुट्टी आणि अखेरचे दोन हात, अशी ती एक संपूर्ण व्यवस्था आहे, आणि भिंत, लाकूड, लोखंड, जस्ती पत्रा, दगड यांपैकी प्रत्येकासाठी ती निराळी आहे. भारतीय मानक संस्थेने गिलाव्याच्या, लोखंडाच्या आणि लाकडाच्या रंगकामासाठी तीन स्वतंत्र संहिता केल्या आहेत, त्याचे कारण हेच.

नव्या गिलाव्याचे उदाहरण घेऊ. गिलावा हाताला कोरडा लागला की तो रंगास तयार झाला, अशी समजूत आहे, आणि मुहूर्त जवळ आला असता तीच सोयीची वाटते. पण सिमेंटमध्ये पाणी मिसळल्यावर जो चुना सुटा होतो, त्यामुळे ताज्या गिलाव्यातील ओलाव्याचा सामू १२ ते १३ पर्यंत, म्हणजे तीव्र क्षाराच्या पातळीवर असतो. शुद्ध पाण्याचा तो ७ असतो. आता ऑइल पेंटकडे पाहा. त्याचा जुना आधार म्हणजे जवसाचे तेल. विदर्भाच्या शेतात जवस पिकते आणि घरोघरी त्याची चटणी होते, म्हणून हे तेल आपल्याला परके नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते घट्ट पापुद्र्यात रूपांतरित होते, या गुणामुळेच ते रंगात आले, आणि आजच्या सिंथेटिक इनॅमलमध्येही अशाच तेलांचा अंश असतो. परंतु तेल आणि क्षार एकत्र आले की साबण होतो, हा नियम भिंतीवर रद्द होत नाही. ताज्या, ओलसर गिलाव्यावर दिलेला तैलरंग काही महिन्यांत चिकट होतो, ओघळतो आणि बोटाने निघतो. लोक मग रंगाऱ्याला किंवा कंपनीला दोष देतात, आणि प्रत्यक्षात भिंतीने त्या रंगाचा साबण केलेला असतो. गिलाव्यावर पाणी मारण्याची मुदत पुरी झाल्यावर त्याला निदान महिनाभर उघडे राहू द्यावे, आणि प्रथम क्षारप्रतिकारक अस्तर द्यावे. भिंत खरोखर वाळली की नाही, याची खातरजमा करण्यास यंत्र लागत नाही. पॉलिथिनचा हातभर चौकोनी तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून भिंतीवर रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूस दव दिसले, तर मुहूर्त कितीही जवळ असो, रंगकाम लांबणीवर टाकावे.

दुसरा गैरसमज ओलीविषयीचा आहे आणि तो अधिक हानिकारक आहे, कारण त्यापायी जुनी घरे नासतात. भिंतीला लोणा लागला, पोपडे सुटू लागले, की पाणी न शिरू देणारा जाड रंग लावण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो. महाल भागातील जुने वाडे पाहावेत: वीट, माती, चुना आणि सागाचे खांब यांवर उभ्या असलेल्या या इमारतींच्या पायथ्याशी ओल अडविणारा थर नसतो, म्हणून जमिनीतील पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढते आणि चुन्याच्या सच्छिद्र पृष्ठभागातून वाफ होऊन निघून जाते. तेथे चुन्याची सफेदी दिली असता तीही हवेतील कर्बवायू घेऊन पुन्हा दगडासारखी होते, तरी वाफेची वाट अडवीत नाही. त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक पेंट चढविला की पाणी आतच कोंडते, आणखी उंच चढते, आणि त्याबरोबर आलेले क्षार रंगाच्या पाठीमागे स्फटिक बनून त्याला फोडतात. पाणी पुढून येत नाही, पाठीमागून येते; समोर कितीही भक्कम पडदा बांधला तरी त्याचा बंदोबस्त होत नाही. अशा वाड्यांना मी चुन्याचाच आग्रह धरीन, आणि दर एक-दोन वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागतो ही तक्रार मला त्यापुढे लहान वाटते.

ओलीचा एक प्रकार तर खास या शहराचा आहे. उन्हाळ्यात खिडकीखिडकीला कूलर लागतात, आणि ऐन मे महिन्यात, जेव्हा सारे शहर कोरडे असते, तेव्हा त्या खिडकीखालची भिंत मात्र ओली असते. तेथे रंग बदलून काही साधत नाही. कूलर भिंतीपासून चार बोटे दूर ठेवणे आणि टाकीची गळती थांबविणे, हाच उपाय आहे.

उन्हाळ्यात रंग लवकर वाळतो म्हणून तो चांगला बसतो, ही समजूतही तपासली पाहिजे. पाण्यातील रंगात राळेचे सूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी हळूहळू गेल्यावर ते एकमेकांस भिडून त्यांचा सलग पापुद्रा बनतो. पारा ४५ अंशांवर असताना तापलेली पश्चिमेची भिंत हे पाणी क्षणात शोषून घेते, कणांना एकजीव होण्यास अवसर मिळत नाही, आणि दोन पावसाळ्यांत हाताला भुकटी लागू लागते. काम उन्हाळ्यातच करणे भाग असेल तर सकाळी पश्चिमेची बाजू आणि दुपारनंतर पूर्वेची, असे सावलीच्या मागे फिरावे. त्याच पश्चिम भिंतीला गडद छटा देणे टाळावे, कारण ती उष्णता शोषते. काळ्या कापसाच्या जमिनीवरील घरांना ज्या तिरप्या भेगा पडतात, त्या तर जमिनीच्या फुगण्या-आटण्याच्या असतात; त्यांवर रंगाचा इलाज नाही.

धातूंच्या बाबतीत लोखंड आणि जस्ती पत्रा यांना एकच न्याय लावण्याची चूक होते. खिडकीच्या गजांवरील गंज घासून काढून, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचे अस्तर देऊन वर इनॅमल द्यावे, हे बरोबरच आहे. पण छपराच्या किंवा कूलरच्या जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर तोच तैलरंग सरळ दिला, तर जस्त आणि तेल यांच्या संयोगाने पुन्हा साबणासारखा थर तयार होतो आणि रंग सालीसारखा सुटतो. तेथे जस्तासाठीचे निराळे अस्तरच हवे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानात मूळचेच तेल असते, म्हणून त्याचा पृष्ठभाग आधी टर्पेंटाइनने पुसावा, आणि चौकटीचे जे टोक भिंतीत जाणार, त्याला बसविण्यापूर्वीच रंग द्यावा. लाखेचे पॉलिश पाण्याने पांढरे पडते व उष्णतेने मऊ होते. ते बाहेरच्या दारासाठी नव्हे.

आणि काही पृष्ठभागांना रंग न देणे, हीच योग्य निवड होय. सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाची वालुकाश्मातील इमारत, जी हेन्री मेड यांच्या आराखड्यावरून १९३७ ते १९४० या काळात उभी राहिली, तिचे सौंदर्य त्या दगडाच्या अंगच्या रंगाचे आहे. दगडाला रंग दिल्याने त्याचे रक्षण होते, या भावनेने गावोगावच्या देवळांवर तैलरंगाचे थर चढतात. पण दगडही सच्छिद्र असतो, कोंडलेली ओल आणि क्षार त्याचाही पृष्ठभाग खपल्या होऊन पाडतात, आणि तो थर पुढे काढताना कोरीव काम जाते.

शेवटी जुन्या दारांविषयी. जुना रंग कोरडा घासून काढणे सर्वांत सोपे वाटते, परंतु पूर्वीच्या तैलरंगांत शिशाची संयुगे सर्रास असत. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारा केंद्र सरकारचा नियम २०१६ साली जाहीर होऊन १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या थरांची खात्री देता येत नाही, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. असे दार पाणी लावून ओल्या घासकागदाने घासावे, निघालेला चिखल फडक्याने टिपून पिशवीत बांधावा, आणि त्या खोलीतील पाळणा रंगारी येण्याच्या आदल्या दिवशीच दुसऱ्या खोलीत न्यावा.