ऑक्टेव्ह पेडल आणि बेस गिटार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाजवलेल्या स्वराला एक सप्तक खालचा स्वर जोडणारं ॲनालॉग ऑक्टेव्ह पेडल लावलं की बेस गिटार सगळीकडे दुप्पट खोल वाजेल, हा सर्वांत पक्का गैरसमज. नवं पेडल आणणारे बहुतेक जण आधी सर्वांत जाड तार छेडतात. हाती लागते ती नुसती गुरगुर, आणि मग पेडल खराब असल्याचा निकाल लागतो.

आकडे बघितले की उलगडा होतो. चार तारांच्या बेसची मोकळी ई तार 41.2 हर्ट्झला कंप पावते. पेडल तिचं निम्मं करून 20.6 हर्ट्झ देतं. आपल्या कानाची खालची मर्यादाच साधारण 20 हर्ट्झ, आणि बहुतेक बेस कॅबिनेट त्याच्या बरंच आधी हात टेकतात. स्वर ऐकू येत नाही, स्पीकरचा कोन मात्र थरथरत राहतो आणि अँपची ताकद फुकट जाते. आता ए तारेच्या सातव्या फ्रेटवरचा ई घ्या. तो 82.4 हर्ट्झचा. पेडल त्याच्याखाली 41.2 हर्ट्झ ठेवतं, म्हणजे मोकळ्या ई तारेइतकाच खोल, भरीव स्वर. तेव्हा पेडल चालू केलंत की डावा हात वर सरकवा.

बेस आधीच खर्जात असताना तिला हे पेडल कशाला, या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. वरच्या फ्रेटवर गाता सूर धरायचा आणि खालचा पाया सुटू द्यायचा नाही, यासाठी ते आहे. 1982 साली आलेलं बॉस कंपनीचं ओसी-2 आणि फ्रेटलेस बेस ही जोडी बेसवादक पिनो पॅलाडिनोने ऐंशीच्या दशकात गायक पॉल यंगच्या गाण्यांत वापरली. ती गाणी चांगल्या हेडफोनवर जरूर ऐका.

पेडल मधेच अडखळतं, स्वर वरखाली उड्या मारतो, म्हणजे ते बिघडलं आहे, असंही सर्रास मानलं जातं. आतलं सर्किट नेमकं काय करतं ते समजून घ्या. ते तारेच्या लहरीची आवर्तनं टिपतं. त्यात फ्लिप-फ्लॉप नावाचा भाग असतो. तो दर आवर्तनाला आपली स्थिती पालटतो, म्हणजे मूळ दोन आवर्तनांत त्याचं एक पूर्ण होतं, आणि कंपनसंख्या निम्मी होते. तीच क्रिया पुन्हा केली की दोन सप्तकं खालचा स्वर मिळतो. इथे स्वर ओळखणारी कुठलीही हुशारी नाही, नुसती मोजणी आहे. म्हणूनच दोन स्वर एकदम आले की मोजणी चुकते. कॉर्ड या पेडलवर वाजवायचीच नसते.

एकच स्वर वाजवतानाही चूक होऊ शकते. जाड तारेत मूळ कंपनापेक्षा दुसरा हार्मोनिक पुष्कळदा जोरकस असतो, ब्रिजजवळच्या पिकअपवर तर विशेष. सर्किट त्यालाच मूळ समजतं आणि स्वर वर उडी घेतो. उपाय हातात आहेत. नेकजवळचा पिकअप निवडा, टोनची कळ थोडी खाली आणा, आणि न वाजणाऱ्या तारा बोटांनी दाबून गप्प ठेवा. शेजारची मोकळी ए तार नुसती गुणगुणली तरी गोंधळ उडतो. पेडलचं स्थानही महत्त्वाचं : डिस्टॉर्शन, कोरस, डिले यांच्या आधी. कॉम्प्रेसर मात्र त्याच्याही आधी चालतो, कारण विरत जाणारा स्वर तो थोडा जास्त वेळ समपातळीवर धरून ठेवतो.

डिजिटल ऑक्टेव्ह पेडल आल्यावर ॲनालॉग कालबाह्य झालं, हेही खरं नाही. कॉर्ड हव्या असतील तर डिजिटलच घ्यावं, यात वाद नाही. पण ॲनालॉगचा प्रतिसाद बोटाला लगेच जाणवतो, आणि मूळ आवाजाची कळ शून्यावर नेऊन फक्त खालचं सप्तक ठेवलं की सिंथ बेससारखा जो जाड, खरखरीत आवाज येतो, त्याचे चाहते आजही आहेत. बॉसने 2003 मध्ये ओसी-2 बंद केलं. 2020 मध्ये डिजिटल ओसी-5 आणलं, तेव्हा त्यात ओसी-2 सारखा एकस्वरी आवाज देणारा व्हिंटेज मोड मुद्दाम ठेवावा लागला.

जुनं पेडल विकत घेणार असाल तर आपलीच बेस सोबत न्या. डी तारेवर दुसऱ्या ते बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर स्वच्छ वाजवा. तिथेही ते अडखळलं, तरच पेडलला नापास करा.