स्लॉट आहे, पण फायरबॉल कुठंय?

तर मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतला हा प्रश्न मला नेहमी येतो. समजा पात्र 3 लेव्हल क्लेरिक, 3 लेव्हल विझार्ड आहे. स्लॉटसाठी बेरीज करायची: 6. म्हणजे तिसऱ्या लेव्हलचे 3 स्लॉट मिळाले. मंत्र मात्र क्लासवार वेगळे मोजायचे, जणू दुसरा क्लास नाहीच. कोडवाल्यांसाठी: ही दोन वेगळी फंक्शन्स आहेत. विझार्ड 3 दुसऱ्या लेव्हलच्या मंत्रापर्यंतच पोचतो, त्यामुळे फायरबॉल नाही! त्या स्लॉटमधून स्कॉर्चिंग रे टाका, तीनऐवजी चार किरण सुटतात. पण फायरबॉल हवाच असेल तर, माझं ऐका, आधी विझार्डच्या 5 लेव्हल पुऱ्या करा.

पॅलाडिनची निम्मीच लेव्हल बेरजेत येते. उरलेला अर्धा 2014 च्या पुस्तकात सोडून द्यायचा, 2024 च्या पुस्तकात पूर्ण धरायचा. वॉरलॉकचे स्लॉट तर या बेरजेत येतच नाहीत.