टिंपनायटिस म्हणजे काय?



दवाखान्याच्या कागदावर एखादा अवघड इंग्रजी शब्द दिसला की घरातील माणसे धास्तावतात. 'टिंपनायटिस' हा असाच एक शब्द. हे एखाद्या स्वतंत्र रोगाचे नाव नसून लक्षणाचे नाव आहे. वायू साठून पोट ताणले जाणे, म्हणजेच आपली पोटफुगी. 'टिंपॅनॉन' या ग्रीक शब्दाचा अर्थ ढोल. वायूने फुगलेल्या पोटावर बोटाने ठोकले असता ढोलासारखा पोकळ आवाज येतो, म्हणून हे नाव पडले. 'पोटाचा नगारा झाला' असे आपल्या आयाबाया म्हणतात, तेव्हा त्याही हेच सांगत असतात. आयुर्वेदात याला 'आध्मान' म्हणतात. उलट जलोदरात, म्हणजे पोटात पाणी साठल्यास, ठोकल्यावर बद्द आवाज येतो. डॉक्टर पोटावर बोटे ठोकतात ती यासाठीच.

हा वायू येतो कोठून? घाईने जेवताना हवा गिळली जाते. शिवाय वाल, हरभरा यांसारख्या कडधान्यांतील न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जातो व तेथील जंतूंमुळे आंबतो. काहींना दूध पचत नाही. बद्धकोष्ठाने त्रास वाढतो.

हा त्रास फार जुना आहे. विनयपिटकातील महावग्गात अशी नोंद आहे की, राजगृहात असताना भगवान बुद्धांना 'उदरवाताबाध', म्हणजे पोटातील वाताचा त्रास झाला. आयुष्मान आनंदांनी तीळ, तांदूळ व मूग यांची पेज करून दिली. धान्य आत ठेवून स्वतःच शिजवले, हे भिक्खूंना योग्य नाही म्हणून भगवंतांनी त्यांना समजही दिली. यातून आपण एवढे घ्यावे की, तथागतांचे शरीरही आपल्यासारखेच होते आणि त्यांच्या दुखण्यावर उपाय शोधला गेला तो आहारात. मंत्रात वा गंड्यादोऱ्यात नव्हे.

आपल्याकडे मात्र पोट फुगले की कोणी 'करणी झाली' म्हणतो, कोणी नुसता सोडा पाजत राहतो. साधी पोटफुगी बहुधा आपोआप उतरते. परंतु पोट फुगून टणक झाले, वायू व शौच दोन्ही बंद झाले, उलट्या व तीव्र वेदना सुरू झाल्या, तर आतड्याला अडथळा किंवा पीळ असू शकतो. अशा वेळी जुलाबाचे औषध देऊ नये, पोट चोळू नये, अंगारा लावत बसू नये. रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. उशीर झाल्यास आतडे सडते व जीव जातो. पोट वारंवार फुगत असेल, वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तरीही तपासणी टाळू नये.

आणि कागदावरचा शब्द कळला नाही तर डॉक्टरांना त्याचा अर्थ अवश्य विचारावा. तो रुग्णाचा हक्क आहे. कारण शोधावे आणि मग उपाय करावा, ही तर आपल्या धम्माचीच शिकवण आहे.