मेढ एक, पण खाती अनेक

मोसंबीला भार आला की फांद्या जमिनीकडे झुकतात आणि टेकूंची शोधाशोध सुरू होते. टोमॅटो बांधायला काठ्या लागतात, डाळिंबाला आधार लागतो. जालना तालुक्यातल्या कडवंचीने पाणलोटाची कामे आणि शेततळी यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या. तिथेही प्रत्येक वेलीला मांडव आणि मांडवाला खांब हवाच. बागाईत वाढली तशी काठी, मेढ, खांब यांची गरजही वाढली.

गरज वाढली की विकणाराही येतो. 'परदेशी कडक लाकडाचे खांब आहेत, वीस वर्षे हलणार नाहीत,' असे कोणी सांगतो. दुसरा म्हणतो, 'तुमच्या बांधावरचा साग तोडा, कशाला पैसे घालवता?' शेतकरी बंधूंनो, यातले काहीही करण्यापूर्वी ती मेढ सरकारच्या कुठल्या खात्यात मोडते, हे समजून घेतलेले बरे. चूक झाली तर माल अडतो आणि पैसाही अडकतो.

बंदरावरची मोजणी

परदेशातून येणाऱ्या प्रत्येक मालाला सीमाशुल्क खाते, म्हणजे कस्टम, एक क्रमांक देते. हे क्रमांक जगातल्या बहुतेक देशांनी मिळून ठरवले असून ती पद्धत 1 जानेवारी 1988 पासून चालू आहे. आपल्याकडे 1975 च्या सीमाशुल्क दर कायद्याची यादी त्याच क्रमांकांवर बेतलेली आहे. तिच्यात लाकडाचे प्रकरण 44 वे.

आता गंमत पाहा. झाड तोडून नुसता गोल सोट आणला, तर तो 4403 या शीर्षकात जातो. त्याच सोटाला जमिनीत रोवण्यासाठी टोक काढले, तर तो 4404 मध्ये, म्हणजे मेढी आणि खुंटांच्या घरात जातो. उभी चीर देऊन फोडलेले वासेही तिथेच. मात्र तोच सोट करवतीने लांबीत कापला आणि जाडी सहा मिलिमीटरपेक्षा जास्त राहिली, तर तो 4407 मधले कापीव लाकूड झाला. साल काढली किंवा वाळवीचे औषध पाजले, तरी टोकदार मेढ मेढच राहते. लाकूड एकच, पण कुऱ्हाड चालली की करवत, यावर त्याचे घर बदलते आणि घर बदलले की कराचा दरही बदलू शकतो.

'कडक लाकूड' या शब्दाचेही तसेच. देवदार, चीड यांसारखी सुईसारख्या पानांची झाडे एका बाजूला आणि बाकीची सगळी दुसऱ्या बाजूला, अशी कस्टमची वाटणी आहे. दुसऱ्या बाजूच्या झाडांना व्यापारात कडक लाकूड म्हणतात. त्यात साग आणि बाभूळ येतात, तशी मऊ लाकडाची काटेसावरही येते! तेव्हा कागदावर 'हार्डवूड' लिहिले म्हणून खांब टणक असेलच, असे समजू नये. झाडाचे नाव विचारावे.

लाकडाबरोबर कीडही प्रवास करते. म्हणून 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे परदेशी लाकडाला तिकडच्या सरकारचा रोगमुक्ततेचा दाखला लागतो. यंत्रांच्या लाकडी खोक्यांवर गव्हाच्या ओंबीसारखा शिक्का दिसतो, तोही याच कारणाने. शिक्क्यात 'एचटी' ही इंग्रजी अक्षरे असली, तर ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला निदान अर्धा तास तापवलेले असते.

बांबू: झाड की गवत?

सर्वांत नवलाची कथा बांबूची. कस्टमच्या यादीत कच्चा बांबू लाकडाच्या प्रकरणात नाहीच. तो 14 व्या प्रकरणात वेत, बोरू यांच्या शेजारी बसतो. वनस्पतिशास्त्रही त्याला गवतच म्हणते. पण 1927 च्या भारतीय वन कायद्याने त्याला झाडांत गणले होते. त्यामुळे काही राज्यांनी सवलती दिल्या, तरी स्वतःच्या रानातला बांबू तोडून नेताना परवान्याची धास्ती असे. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढून झाडाच्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्द वगळला आणि पुढे त्याचा कायदा झाला. ही मोकळीक वनाबाहेर लावलेल्या बांबूला आहे. वनातला बांबू आजही वनोपजच.

सरकारने मनात आणले तर काडीवरही कर बसतो. जून 2020 मध्ये बाहेरून येणाऱ्या बांबूच्या काड्यांवरचे आयातशुल्क 10 वरून 25 टक्के केले. अगरबत्तीच्या काड्या देशात बनाव्यात, हा त्यामागचा हेतू होता.

बांधावरचा साग

आपला बांध, आपले झाड, मग परवाना कसला, असे वाटणे साहजिक आहे. पण 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्यात साग, आंबा, चिंच, मोह, खैर, जांभूळ, चंदन ही झाडे अनुसूचित आहेत. ती खासगी जमिनीत असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी लागते. साग रस्त्याने नेताना वाहतूक पासही हवा. त्यासाठी डिसेंबर 2023 पासून देशभरासाठी संगणकावरची एकच पास व्यवस्था सुरू झाली आहे. अर्ज करण्यापूर्वी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात चौकशी करावी.

घेताना एवढे पाहा

परदेशी खांब घ्यायचे असतील, तर पक्के बिल मागा. बिलावर झाडाचे नाव आणि शीर्षकाचा क्रमांक आहे का, ते पाहा. आयात करणाऱ्याने कस्टममध्ये भरलेल्या 'बिल ऑफ एंट्री'ची नक्कल दाखवायला सांगा. सच्चा व्यापारी ती दाखवायला कचरणार नाही. खांबाला कोणते औषध पाजले आहे, हेही विचारा. काही औषधांत आर्सेनिक, म्हणजे सोमल, असतो. असा खांब मोडला तर त्याचे तुकडे चुलीत घालू नका. तो धूर विषारी असतो आणि राखही घातक असते. हे घरातल्या बायाबापड्यांना आवर्जून सांगून ठेवा.

आणि जमल्यास विहिरीच्या कडेला, ओढ्याच्या काठाला बांबूची चार बेटे लावा. तीन-चार वर्षांत काठ्या तोडणीला येऊ लागतात आणि बेट पुढे अनेक वर्षे पुरते. त्या टेकूला ना बंदराचा कर, ना परदेशी दाखला. मोसंबीचा भार पेलायला तो घरचाच उभा राहील.