वेगाची तालीम

गेल्या वर्षी डिचोलीस अक्काकडे निघालो होतो. आंबोलीचा घाट उतरून बांद्यास आलो. तेथून भाच्याने आपल्या नव्या जर्मन मोटारीत घेतले. पत्रादेवीचा नाका मागे पडला, पेडण्याचा रुंद महामार्ग लागला आणि चिरंजिवांनी पाय दाबला. धारगळच्या अलीकडे वळणावर गाय उभी! मोटार तिरपी होत थांबली. गाईच्या आणि आमच्या मध्ये हातभर अंतर राहिले. अक्काला आम्ही दोघांनीही काही सांगितले नाही.

यंदा तीच मोटार, तोच रस्ता. पण वळणाच्या बरेच अलीकडे गती उतरू लागे. विचारले, तेव्हा म्हणाला, “मामा, मध्यंतरी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर शिकून आलो. पहिला दिवस नुसता ब्रेक!”

मला हसू आले. आमच्या घरीही द्रुत तानेला उतावीळ झालेल्या मुलाला वडील महिनोन्‌महिने विलंबितात बसवीत.

तो ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरांचा. समोरून कोणी येत नाही, गाय आडवी येत नाही. वळण बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर असे घ्यायचे, म्हणजे त्याचा बाक कमी होतो. ब्रेक मोटार सरळ असतानाच लावायचा. ब्रेक आणि वळण दोन्ही एकदम जोराने मागितले तर टायरची पकड पुरत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. त्यातून या ऐषारामी मोटारी दोन टनांच्या घरातल्या. काही जोरकस फेऱ्यांतच ब्रेक तापतात आणि गाडीला विसावा द्यावा लागतो.

अवजड गाडी शर्यतीत शोभत नाही, असे मात्र नव्हे. १९७१ साली बेल्जियममधील स्पा येथील २४ तासांच्या शर्यतीत एएमजीने तयार केलेली भारदस्त मर्सिडीज दुसरी आली. १९९४ साली व्होल्वोने ब्रिटनच्या शर्यतींत चक्क इस्टेट, म्हणजे मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली घरगुती गाडी उतरविली. आपल्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक २०१८ साली ब्रिटनच्या फॉर्म्युला ३ स्पर्धेत धावला. हे सारे धावले ते ट्रॅकवर.

गोव्यात मोटारींच्या शर्यतीचा कायमचा ट्रॅक नाही. म्हणून पेडण्याच्या रस्त्याला ट्रॅक समजणारी तरुण मंडळी रोज दिसतात, त्यांत आपल्याकडची मुलेही असतात. ज्या घरांतून अशा मोटारी घेतल्या जातात, त्यांनी किमतीबरोबर दोन दिवसांच्या शिक्षणाचाही खर्च धरावा, एवढेच सुचवावेसे वाटते.

डिचोलीस पोहोचलो तेव्हा अक्का दारात उभी होती. “आज उशीर केलात रे,” म्हणाली. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मग जेवताना त्याने आपण होऊन तिला त्या गाईची हकीकत सांगितली.